दाराबाहेर राहिलेल्यांसाठी

प्रस्तावना

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तेव्हा मी भंडाऱ्याजवळच्या कारध्यात माझ्या घरी होतो, आणि नागपुरातल्या एका कार्यालयाचा सर्व्हर माझ्याच हातून माझ्यापासून तुटला होता. यंत्र विझलं नव्हतं. त्याचे दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता, आतली सगळी माहिती शाबूत होती. फक्त त्याच्याशी बोलायची वाट नाहीशी झाली होती. संध्याकाळी मी त्यावरचं डेबियन 9 काढून डेबियन 10 आणलं, यंत्र रीस्टार्ट केलं आणि पुन्हा जोडू लागलो. उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न केला, उत्तर नाही. प्रत्येक वेळी बराच वेळ थांबून स्क्रीनवर तीच ओळ उमटायची : कनेक्शन टाइम्ड आउट.

एरवी गाडी काढून नागपूर गाठलं असतं. साठेक किलोमीटरचा तर रस्ता. पण त्या दिवशी नदीवरचा लहान पूल पाण्याखाली होता, भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं होतं, घराबाहेर पडायचीच सोय नव्हती. शेवटी त्या कार्यालयात रात्रपाळीला असलेल्या मुलाला फोन लावला. तो कॉमर्सचा विद्यार्थी. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध हजेरी लिहिण्यापुरता. त्यानं कपाटातून एक जुना कीबोर्ड आणि स्क्रीन शोधून काढला, यंत्राला जोडला आणि म्हणाला, "सर, इथं लॉगिन म्हणून काहीतरी लिहून येऊन राहिलं." मग मी एकेक अक्षर सांगत गेलो. डॅशला आम्ही आडवी रेघ म्हटलं, स्लॅशला तिरपी काडी, आणि मोकळी जागा कुठे सोडायची ते मी दर वेळी वेगळं सांगायचो, कारण तीच तो विसरायचा. पासवर्डही तसाच सांगितला. तो दुसऱ्या दिवशी बदलला. अर्ध्या तासानं कळलं की यंत्रातल्या नेटवर्क कार्डाचं नावच बदललं आहे. आधी ते 'ईटीएच0' होतं, नव्या आवृत्तीनं त्याला 'ईएनपी2एस0' म्हणायला सुरुवात केली होती. सेटिंगच्या फाईलमध्ये जुनं नाव होतं, त्या नावाचं कार्ड आता नव्हतं आणि नव्या नावाच्या कार्डाला काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. फाईलमध्ये दोन ठिकाणी एक शब्द बदलायचा होता. एकूण सव्वा तास लागला.

जुन्या यंत्रांवर हे होऊ शकतं, असं डेबियन 10 सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. आणि वाचलं नसलं तरी चालून गेलं असतं, जर त्या यंत्रापर्यंत जायची दुसरी वाट मी आधीच करून ठेवली असती. हे पुस्तक त्या रात्रीच्या पोटात सुरू झालं.

आपल्या भागात या विषयाची ओळख सगळ्यांना आहे, पण उलट्या बाजूनं. धान खरेदीच्या नोंदणीसाठी रांगेत उभा असलेला शेतकरी, सात-बारा काढायला आलेली बाई, रेशन दुकानात अंगठा लावून ताटकळलेली आजी, या सगळ्यांना 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य पाठ आहे. या तीन शब्दांमागे निदान पन्नास निरनिराळ्या गोष्टी असू शकतात : वीज गेलेली असते, केबल तुटलेली असते, डिस्क भरलेली असते, गर्दी झालेली असते. त्यांतलीच एक गोष्ट या पुस्तकाचा विषय आहे. यंत्र जिवंत आहे, पण त्याची देखभाल करणारा माणूस त्याच्या दाराबाहेर अडकला आहे, आणि त्याचं कारण आहे नुकतंच झालेलं सॉफ्टवेअर अपडेट. त्यानं स्वतः केलेलं, किंवा मध्यरात्री आपोआप झालेलं. विषय छोटा वाटतो. पण तो नीट समजून घ्यायला बसलं की नेटवर्क, सुरक्षा, कार्यप्रणाली आणि माणसाचा स्वभाव या सगळ्यांत हात घालावा लागतो.

इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून दूरच्या यंत्रात लॉगिन करायचा पहिला प्रयत्नच मुळात फसला होता. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानं स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्रात शिरायला 'लॉगिन' हा शब्द टाइप करायला घेतला. 'एल' पोचलं, 'ओ' पोचलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभरानं ते दुरुस्त होऊन जोडणी झाली. इंटरनेटचा जन्म म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातला एक तपशील जास्त मोलाचा वाटतो. क्लाइन आणि पलीकडचे बिल ड्युव्हाल हे दोघे त्या वेळी टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होते. अक्षर पोचलं का, हे ते फोनवर विचारून घेत होते. म्हणजे ज्या रात्री पहिली वाट तयार झाली त्या रात्रीही शेजारी दुसरी वाट उघडी होती, आणि पहिली तुटली हे कळलं ते दुसरीमुळे.

पुढे टेलनेट आलं आणि पुष्कळ वर्षं तेच चाललं. त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलेनन यांनी सगळं बोलणं कुलूपबंद करणारा एक प्रोग्राम लिहिला : एसएसएच. फाईल पाठवण्याचं पोर्ट 21 होतं, टेलनेटचं 23. मधलं 22 मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. 1999 च्या अखेरीस ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याचं मुक्त रूप, ओपनएसएसएच, बाहेर काढलं आणि आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर त्याच दारानं उघडतात. विंडोजच्या घराण्यात 1998 पासून रिमोट डेस्कटॉप आहे, त्याचं पोर्ट 3389. सुरक्षेच्या कारणानं ही दारं दर काही वर्षांनी बदलावी लागतात, आणि आपल्या अडचणीचा मोठा भाग इथेच जन्माला येतो.

अपडेट म्हणजे दोन बाजूंमधला करार एका बाजूनं बदलणं. जुना करार धोक्याचा ठरतो, म्हणून नवा येतो. दुसऱ्या बाजूला तो कळलेला नसतो. 2015 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ओपनएसएसएच 7.0 नं जुन्या डीएसए किल्ल्या नाकारायला सुरुवात केली, आणि रूट या सर्वाधिकारी खात्यात पासवर्ड टाकून थेट शिरणंही मूळ सेटिंगमधून बंद केलं. वर्षानुवर्षं त्याच वाटेनं जाणारे कितीतरी लोक एका सकाळी बाहेर राहिले. 2021 च्या सप्टेंबरमधल्या 8.8 आवृत्तीनं आरएसएची जुनी, एसएचए-1 वर बेतलेली सही बंद केली. किल्ली तीच, कुलूप तेच, पण सही करायची जुनी रीत मान्य नाही. मायक्रोसॉफ्टनं 2018 च्या मार्चमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या ओळखपद्धतीतलं एक भगदाड बुजवलं आणि मे महिन्यात ती दुरुस्ती सक्तीची केली. ज्यांचं स्वतःचं यंत्र अपडेट झालं आणि दूरचं झालं नाही, त्यांना त्या आठवड्यात दार लागलेलं दिसलं. यांतला एकही बदल चुकीचा नव्हता, हे आवर्जून सांगतो. प्रत्येकामागे खरा धोका होता.

याच जातीचा आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे. 1 जुलै 2024 ला ओपनएसएसएच 9.8 आलं. एक गंभीर दोष त्यात दुरुस्त केला होता, त्यामुळे जगभर लोकांनी घाईनं ते बसवलं. त्याच आवृत्तीत प्रोग्रामचे दोन तुकडे केले होते : एक दारावर उभा राहणारा, दुसरा आलेल्या माणसाला आत नेणारा. आर्च लिनक्ससारख्या काही ठिकाणी फाईली बदलल्या तरी स्मृतीत जुनाच दारवान चालू राहायचा, आणि त्याला आत नेणारा नवा जोडीदार ओळखू यायचा नाही. आधीपासून आत असलेले लोक निवांत काम करत होते. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला दार बंद. सेवा एकदा रीस्टार्ट केली की प्रश्न मिटायचा, पण ती करायला आत असणं भाग होतं. म्हणून या व्यवसायातला सगळ्यात जुना नियम असा की अपडेटनंतर चालू असलेली खिडकी बंद करू नये. ती तशीच ठेवावी, दुसरी खिडकी उघडून नव्यानं लॉगिन करून पाहावं, आणि ते जमलं तरच पहिली सोडावी. नव्यानं काम शिकणाऱ्याला मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

दाराबाहेर उभं राहिल्यावर पहिलं काम ऐकण्याचं. यंत्र आत घेत नसलं तरी ते कशा प्रकारे नाकारतं यात बरीच माहिती असते, आणि आपले बहुतेक लोक ती माहिती वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की घाबरून पुन्हा पुन्हा तीच आज्ञा देतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर ती चांगली बातमी समजावी. यंत्र चालू आहे, नेटवर्क चालू आहे, आपला निरोप तिथपर्यंत पोचला आहे आणि तिथून स्पष्ट उत्तर आलं आहे की या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. म्हणजे एसएसएचची सेवा सुरूच झाली नाही, बहुधा तिच्या सेटिंगमधला एखादा जुना शब्द नव्या आवृत्तीला कळला नाही म्हणून; किंवा सेवा दुसऱ्याच पोर्टवर बसली आहे. 'परमिशन डिनाइड' त्याहून पुढची पायरी : दार उघडलं आहे, आपली ओळख पटत नाही. किल्ली पाहावी, खात्याच्या फोल्डरचे अधिकार पाहावेत, रूटला बंदी आली का ते पाहावं. 'होस्ट की बदलली आहे' अशी मोठी चेतावणी आली तर हात थांबवावा. यंत्र नव्यानं बसवलं गेलं असेल तर ते साहजिक आहे. तसं नसेल तर आपण भलत्याच दारात उभे आहोत.

सगळ्यात वाईट ते मौन. टाइम्ड आउट म्हणजे कुणीच काही बोललं नाही. फायरवॉलनं निरोप गिळला असेल, नेटवर्क कार्डाचं नाव बदललं असेल, यंत्राचा पत्ता बदलला असेल. किंवा यंत्र अर्ध्या वाटेवर थांबलं असेल : नवा कर्नल चढत नाही, डिस्कचं कुलूप उघडायला ते कुणाच्या तरी पासवर्डची वाट पाहत आहे, एखादा डिस्कचा भाग सापडत नाही म्हणून त्यानं आपत्कालीन अवस्थेत जाऊन कीबोर्डकडे डोळे लावले आहेत. बाहेरून या सगळ्यांचा आवाज एकच, म्हणजे शून्य. आणि यातही एक चकवा आहे. रेड हॅटच्या घराण्यातली फायरवॉल कधी 'नो रूट टू होस्ट' असं उत्तर देते. वाचणाऱ्याला वाटतं रस्ताच नाही. रस्ता असतो, दारावरचा पहारेकरी तसं सांगत असतो. अशा चकव्यांना पुस्तकात बरीच जागा दिली आहे, कारण माणसाच्या रात्री त्यांतच जातात.

सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून आपल्याकडे येतं त्यांना या व्यवसायात 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेले. कारध्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. 2020 च्या त्या पुरात आमच्या अंगणात पडलेल्या पावसापेक्षा वरच्या धरणांतून, संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. इथे आकाश मोकळं असतानाही नदी फुगू शकते. म्हणून इथली माणसं आभाळाकडे जितकी पाहतात तितकीच कारध्याच्या पुलाजवळच्या पाणीपातळीकडे पाहतात, 245.50 मीटर ही धोक्याची पातळी पोरासोरांनाही माहीत असते. वर काय सोडलं आहे, ते खाली कधी पोचेल, आणि तोवर आपलं काय हलवून ठेवायचं, हे तीन प्रश्न सर्व्हर सांभाळणाऱ्यानंही विचारायचे असतात. प्रत्येक नव्या आवृत्तीसोबतचं माहितीपत्रक म्हणजे वरच्या धरणावरून आलेला इशारा. तो वाचायला वीस मिनिटं लागतात.

मोठमोठ्या संस्थाही दाराबाहेर राहिल्या आहेत, आणि त्यांच्या गोष्टी या क्षेत्राच्या शाळा आहेत. मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मंगळावरची आहे. नासाचं व्हायकिंग 1 जुलै 1976 मध्ये मंगळावर उतरलं आणि सहा वर्षांहून जास्त काळ चाललं. नोव्हेंबर 1982 मध्ये त्याच्या थकत चाललेल्या बॅटरीसाठी पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं गेलं. ते स्मृतीत जिथे जाऊन बसलं तिथे अँटेना पृथ्वीकडे कशी वळवायची याची माहिती होती. ती पुसली गेली. यान बहुधा त्यानंतरही काही काळ जिवंत असेल, पण त्याला आपण कुठल्या दिशेला आहोत तेच माहीत उरलं नाही. तिथे कीबोर्ड जोडायला कुणी नव्हतं.

8 मार्च 2023 ला डेटाडॉग या कंपनीची हजारो यंत्रं जवळजवळ एकाच वेळी नेटवर्कवरून गळाली. ती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे पसरलेली होती. एक ठिकाण बुडालं तर दुसरं वाचावं हाच तर त्यामागचा विचार. पण सगळीकडे तीच उबुंटू, आणि तिच्यात सुरक्षेची अपडेट आपोआप घेण्याची तीच वेळ. सिस्टमडी या मूळ घटकाची एक दुरुस्ती आली, तिनं नेटवर्कची सेवा रीस्टार्ट केली आणि त्या झटक्यात यंत्रांमधले मार्ग पुसले गेले. कॅनडात 8 जुलै 2022 ला रॉजर्स या टेलिफोन कंपनीच्या मुख्य जाळ्यात सुधारणा चालू असताना एक गाळणी काढली गेली आणि एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडलं. दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांचे फोनही त्याच कंपनीचे होते, आणि बिघडलेल्या यंत्रांपर्यंत जायची वाट त्याच बिघडलेल्या जाळ्यातून जात होती. दुसरी वाट कागदावर होती. तिचा पाया पहिलीच्याच खांबांवर होता.

आणि 19 जुलै 2024 ची सकाळ तर आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या विमानतळावर पाहिली. भारतीय वेळेनुसार साडेनऊनंतर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर पोचली. सव्वा तासाच्या आसपास ती मागेही घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज यंत्रं सुरू होता होताच कोसळण्याच्या फेऱ्यात अडकली होती. प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती साधी होती, एक फाईल पुसायची. मात्र त्यासाठी बहुतेक यंत्रांपाशी माणसानं स्वतः जाऊन बसणं भाग होतं, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर तिची लांबलचक किल्लीही हाताशी हवी होती. ज्या सर्व्हरवर त्या किल्ल्या ठेवल्या होत्या तोच काही ठिकाणी बंद पडलेला होता.

यावरून कुणी म्हणेल, मग अपडेट करूच नये. ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी विचारधारा, आणि आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय : चालतंय ना, मग हात लावू नका. मी तिच्या विरोधात आहे. 27 जून 2017 ला न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला हे खरं, पण तो पुढे पसरला त्यात विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा हात होता त्याची दुरुस्ती तीन महिन्यांहून आधी उपलब्ध होती. त्या प्रसंगात मर्स्कचं सगळं जाळं नव्यानं उभं करायला लागणाऱ्या माहितीची एकच प्रत जगात उरली होती, घाना देशातल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती म्हणून ती वाचली. ती प्रत शेवटी माणसाच्या हातून, विमानानं इंग्लंडला नेली गेली. भारनियमनाला शिव्या देत मोठं झालेल्या आमच्या पिढीला यातला योगायोग चटकन कळेल. त्यावर भिस्त ठेवता येत नाही, हेही.

दुसरी विचारधारा नेटवर्कवाल्यांची. त्यांना हजार किलोमीटरवरच्या राउटरची सेटिंग त्याच राउटरमधून जाणाऱ्या वाटेनं बदलावी लागते, त्यामुळे त्यांनी फार पूर्वी एक शहाणपण शोधलं. बदल करताना यंत्राला आधीच सांगून ठेवायचं : दहा मिनिटांत मी परत येऊन 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर सगळं होतं तसं कर. जुनिपरच्या राउटरमध्ये ही सोय आहे, सिस्कोत ठरावीक वेळेनं रीस्टार्ट लावून तेच साधतात, उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ही मुदत मूळची 120 सेकंदांची असते. मला या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. आपण चुकणार हे गृहीत धरून ती आपल्यासाठी दार उघडं ठेवते.

तिसरा पंथ दुरुस्तच न करणाऱ्यांचा. यंत्र बिघडलं तर त्यात शिरू नका, ते टाकून तयार साच्यातून नवं उभं करा. या पंथाची आवडती उपमा अशी की सर्व्हरला पाळीव प्राण्यासारखं नाव देऊन लाडावू नये, खिल्लारातल्या गुरांसारखं मानावं. उपमा अमेरिकेतल्या हजारो गुरांच्या कुरणांवरून आलेली आहे. आमच्याकडे गोठ्यातल्या प्रत्येक बैलाला नाव असतं आणि तो आजारी पडला तर रात्र जागवली जाते. मोठ्या कंपन्यांसाठी हा पंथ बरोबर आहे. पण ज्या दवाखान्याकडे, पतसंस्थेकडे, शाळेकडे एकच सर्व्हर आहे, त्यांच्यासाठी तो एक बैलच आहे, आणि त्याला कसं जगवायचं हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

चौथे लोक बाजूच्या वाटेचे. यंत्राच्या आतच एक छोटं स्वतंत्र यंत्र असतं, त्याला वेगळी नेटवर्कची तार जाते. मोठं यंत्र झोपलं तरी छोटं जागं राहून त्याचा स्क्रीन दाखवतं, त्याला बंद-चालू करतं. 1998 मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय नावाचा त्याचा नमुना ठरवला. क्लाउडवर हेच काम वेबपानावरच्या कन्सोलनं होतं. ते कुठे आहे हे बहुतेकांना संकटाच्या रात्रीच शोधावं लागतं, आणि त्याच रात्री कळतं की त्याचा पासवर्ड ठरवलेलाच नाही. माझा कल उघडपणे या चौथ्या पंथाकडे आहे. कारध्याला दोन पूल आहेत. ब्रिटिशकाळातला लहान पूल नदी चढली की आधी पाण्याखाली जातो, तेव्हा महामार्गावरच्या मोठ्या पुलाकडे वळायचं असतं. दोन्ही एकाच उंचीवर बांधले असते तर दुसऱ्याचा काही उपयोग नव्हता.

हे सगळं आत्ताच मराठीत लिहायची निकड का, याचं उत्तर गेल्या दहा वर्षांत आहे. पुण्यात 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टची, मुंबईत 2016 मध्ये ॲमेझॉनची क्लाउड केंद्रं सुरू झाली. भंडाऱ्याच्या पतसंस्थेचा, गोंदियाच्या तांदूळ गिरणीचा हिशेब आता नऊशे किलोमीटरवरच्या एका इमारतीत असू शकतो. वरठीहून विदर्भ एक्स्प्रेस धरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस मुंबईत पोचेल, पण त्या इमारतीत त्याला कुणी शिरू देणार नाही, आणि त्याचा सर्व्हर म्हणून दाखवता येईल असं एक यंत्रही तिथे नसेल. 2020 च्या टाळेबंदीनंतर कितीतरी तरुण गावी राहून दूरची यंत्रं सांभाळू लागले. साकोली, तुमसर, पवनीत अशी मुलं मला भेटली आहेत. हुशार आहेत, इंग्रजी आज्ञा पाठ आहेत. पण मध्यरात्री दार लागलं की त्यांना समोरची ओळ काय म्हणते हे आपल्या भाषेत समजावून सांगणारं कुणी नसतं, आणि फोनवर दुसऱ्याला समजावून सांगायचे शब्द त्यांच्यापाशी नसतात. घाबरलेला माणूस मातृभाषेत विचार करतो. त्या वेळी विचाराला लागणारे शब्दही त्याच भाषेत हवेत.

म्हणून या पुस्तकात संज्ञांचं भाषांतर करायचा हट्ट धरलेला नाही. सर्व्हर सर्व्हरच आहे, फायरवॉल फायरवॉलच. मराठीत आणायचा होता तो विचारक्रम : आधी ऐका, मग कुठवर पोचलो ते ठरवा, मग शेवटचं काय बदललं ते आठवा, आणि आत शिरल्यावर घाईनं सगळं जुनं करून ठेवण्याआधी तो बदल का आला होता ते वाचा. विदर्भातल्या लहान गावांतून काम करणाऱ्या आठ-दहा जणांनी आपापल्या अशा रात्रींच्या नोंदी मला दिल्या, त्यांवर हे उभं आहे. संस्थांची नावं काढून टाकली आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कोणत्या क्रमानं काय करून पाहिलं आणि त्यातलं काय वाया गेलं त्यासकट. बरोबर उत्तरं इंटरनेटवर पुष्कळ सापडतात; उत्तर सापडेपर्यंत माणूस कसा भरकटतो हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. लिनक्सला जास्त पानं मिळाली, विंडोजला कमी. हा माझ्या अनुभवाचा तोल आहे, विषयाचा नव्हे. सुरक्षेच्या सखोल चर्चेत पुस्तक जात नाही. दारं उघडी टाकण्याचे सोपे उपाय मात्र मुद्दाम गाळले आहेत, कारण फायरवॉल बंद करून सुटलेला प्रश्न महिन्याभरात मोठा होऊन परत येतो.

रात्रपाळीच्या त्या मुलानं त्या वेळी मी सांगितलेली प्रत्येक आज्ञा हजेरीवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली होती. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा तसाच प्रसंग आला तेव्हा त्यानं मला फोन करायच्या आधीच स्क्रीन जोडला होता आणि कार्डाचं नाव पाहून ठेवलं होतं. त्या वहीवरून सुचलं म्हणून या पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी ठेवली आहेत. सर्व्हर कुठे आहे, त्याच्या कन्सोलचा पत्ता काय, यंत्रापाशी चालत जाऊ शकणाऱ्या माणसाचा फोन नंबर, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आणि तो उघडून पाहिला होता का, एवढं त्यांवर लिहावं. पासवर्ड लिहू नयेत, ते कुठे ठेवले आहेत ते लिहावं. पेन्सिलनं लिहिलेलं बरं, कारण माणसं नोकऱ्या बदलतात आणि नंबर जुने होतात.

कारधा, जि. भंडारा